वितरण वाहिन्यांवरचं स्मार्ट स्विचिंग: पैसा नेमका कुठे वाचतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज कंपन्यांच्या निविदांत आणि बातम्यांत ‘स्काडा’ (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणक यंत्रणा), ‘ऑटोमेशन’, ‘स्मार्ट ग्रिड’ हे शब्द सारखे दिसतात. त्यांतला स्विचिंगचा भाग सगळ्यांत कमी दिखाऊ, पण माझ्या मते घातलेल्या रुपयाला सगळ्यांत जास्त परतावा देणारा. मात्र तो परतावा लोक समजतात त्या जागी मिळत नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, कारखान्यांतले विद्युत पर्यवेक्षक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि रात्री मोटर चालू करायला शेतावर जाणारे शेतकरी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

स्मार्ट स्विचिंग म्हणजे काय?

उपकेंद्रातून ११ किंवा २२ केव्हीचा (किलोव्होल्टचा) फीडर, म्हणजे वितरण वाहिनी, निघतो आणि खांबांवरून पुढे जात वाटेतल्या डीपींना (घरगुती दाबाची वीज करून देणाऱ्या रोहित्रांना) वीज देतो. त्यावर ठिकठिकाणी एबी स्विच (हवेत उघडणारे साधे स्विच) असतात. खांबाला खाली जोडलेल्या हँडलने लाइनमन ते उघडतो किंवा जोडतो. दोन फीडर जिथे एकमेकांजवळ येतात तिथेही एक स्विच असतो, तो एरवी उघडा ठेवलेला. त्याला टाय म्हणा किंवा कट पॉइंट. यातला कुठला स्विच कधी आणि कोणत्या क्रमाने चालवायचा हे अंदाजाऐवजी मोजमापावरून ठरवणं, आणि जमेल तिथे तो दुरून किंवा आपोआप चालवणं, एवढाच याचा अर्थ.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती माहितीपत्रकांत नसते. साधा एबी स्विच भार चालू असताना उघडायचा नसतो, ठिणगी पडून संपर्क जळतात. म्हणजे भार सरकवायचा तर आधी फीडर बंद करावा लागतो. ‘लोड ब्रेक’ प्रकारचा स्विच भारावर चालतो. त्यामुळे गंजलेल्या एबी स्विचला मोटर आणि सिमकार्ड जोडून फार काही हाती लागत नाही.

यात खर्च कसा कमी होतो?

तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की हानी चौपट. म्हणून एक फीडर तुडुंब आणि शेजारचा अर्धा रिकामा, ही महागातली अवस्था. दुसरी गोष्ट न विकलेल्या विजेची. फीडर चार तास बंद राहिला की कंपनीची विक्रीही चार तास थांबते, आणि गाडी, डिझेल, माणसांचे जादा तास हा खर्च वर. तिसरा फायदा ताळेबंदात वेगळा दिसत नाही, पण तो मोठा असू शकतो. शेजारच्या फीडरवर भार टाकून नवा फीडर किंवा उपकेंद्र दोन-तीन वर्षं पुढे ढकलता आलं, तर तेवढ्या भांडवलाचं व्याज वाचतं.

आकडेमोड करून दाखवाल का?

समजा, एकाच उपकेंद्रातून ११ केव्हीचे दोन फीडर निघतात. दोघांचा रोध प्रत्येक फेजला २ ओहम, म्हणजे ‘डॉग’ जातीची साधारण सात किलोमीटर तार. ऐन भाराच्या वेळी एकात २४० अँपिअर, दुसऱ्यात १२०. तिन्ही फेज धरून पहिल्याची हानी ३४५.६ किलोवॅट आणि दुसऱ्याची ८६.४, एकूण ४३२. आता टायची जागा बदलून, म्हणजे तो जोडून त्याऐवजी दुसरा स्विच उघडून, ६० अँपिअर इकडचे तिकडे केले आणि दोन्हीकडे १८० झाले, तर एकूण हानी ३८८.८ किलोवॅट. नवी तार नाही, नवं रोहित्र नाही, तरी ४३ किलोवॅट वाचले.

भार वर्षभर ऐन पातळीवर नसतो. सरासरी भार कमाल भाराच्या निम्मा असेल, तर सरासरी हानी कमाल हानीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. त्या हिशोबाने वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास युनिट, आणि युनिटला ५ रुपये धरले तर सहा लाखांवर रक्कम. पण यात सगळा भार फीडरच्या शेवटी आहे असं मानलं आहे. तो वाटेत सारखा विखुरलेला असेल तर हानी एक तृतीयांश होते, आणि बचतही दोन लाखांवर येते. विक्रेत्यांच्या सादरीकरणात बहुधा पहिला आकडा असतो. दुसरा धरून चाला. टायचा खांब आधीच उभा असेल, तर दोन लाखही चांगलेच आहेत.

मग सगळे टाय जोडूनच का ठेवत नाहीत?

विजेला दोन वाटा मिळाल्या की हानी आणखी कमी होते, हे खरं. पण मग बिघाडालाही दोन्हीकडून वीज मिळते. आपले बहुतेक फीडर एका बाजूनेच पुरवठा होईल असे आखलेले आहेत. रिले (बिघाड ओळखून फीडर तोडायला लावणारी उपकरणं) आणि फ्यूज त्याच समजुतीवर बसवलेले असतात. जाळं जोडून ठेवलं तर एका झाडाच्या फांदीने दोन फीडर जातील. शिवाय दोन वेगळ्या उपकेंद्रांचे फीडर जोडले की त्यांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे नको तो प्रवाह फिरत राहतो. म्हणून बांधणी जाळ्याची आणि चालवणं झाडासारखं, एका खोडातून फांद्या, ही पद्धत जगभर रुळली आहे.

कुठला स्विच उघडा ठेवायचा हे संगणक कसा ठरवतो?

हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. मर्लिन आणि बॅक या संशोधकांनी १९७५ साली त्याला हात घातला. त्यांची रीत अशी: आधी सगळे स्विच जोडलेले आहेत असं मानायचं, विजेचा प्रवाह काढायचा, आणि ज्या स्विचमधून सगळ्यांत कमी प्रवाह जातो तो उघडायचा. जाळ्यातली वळसे घेणारी वाट उरत नाही तोवर हेच करत राहायचं. १९८९ साली मेसुट बरान आणि फेलिक्स वू यांनी या विषयावर जो शोधनिबंध लिहिला, त्यातलं ३३ बिंदूंचं नमुना जाळं आजही विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास असतं.

त्या जाळ्यात १२.६६ केव्हीवर ३,७१५ किलोवॅटचा भार आहे. स्विच ३७, त्यांतले ५ उघडे. मूळ मांडणीत हानी २०२.७ किलोवॅट. पाचपैकी चार टाय जोडून त्यांच्या बदल्यात दुसरे चार उघडले की ती १३९.५ च्या आसपास येते, म्हणजे जवळपास ३१ टक्के बचत. ३७ स्विचच्या उघड्या-जोडलेल्या अवस्था मोजल्या तर १३,७०० कोटींच्या वर भरतात. त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात, कारण कुठे वळसा तयार होतो, कुठे एखादं गाव अंधारात जातं. म्हणून युक्त्या लागतात. जेनेटिक अल्गोरिदमपासून मुंग्यांच्या वागण्यावर बेतलेल्या रीतींपर्यंत सगळं यावर वापरून झालं आहे, आणि बहुतेक जण त्याच १३९.५ वर येऊन थांबतात.

पण ३१ टक्के हा आकडा आपल्या फीडरला लावू नका. नमुना जाळं मुळात वाईट मांडलेलं आहे, सुधारायला भरपूर वाव असलेलं. वीस वर्षं एकाच भागात काम केलेल्या ऑपरेटरने आणि लाइनमनने आपला कट पॉइंट हिशोब न मांडताही बऱ्यापैकी ठिकाणावर आणलेला असतो.

म्हणजे दर तासाला स्विच बदलत राहायचे?

नाही. प्रत्येक स्विचचं यांत्रिक आयुष्य ठरलेलं असतं आणि प्रत्येक हालचालीत चुकीला जागा असते. आपल्याकडे भार ऋतूंप्रमाणे हलतो. रब्बीत पंपांचा, एप्रिल-मेमध्ये शहरांत एसी आणि कूलरचा, आणि चांगला पाऊस झाला की पंप जवळजवळ शून्यावर. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळं चित्र दाखवतो. वर्षातून तीन-चारदा कट पॉइंट तपासून हलवला तरी यातला बराचसा फायदा मिळतो. तासातासाच्या स्विचिंगचा जादा लाभ कागदावर मोहक दिसतो. प्रत्यक्षात तो स्विचच्या देखभालीत जिरतो.

मग खरा पैसा कुठे आहे?

बिघाड शोधण्यात. या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

जूनचा पहिला पाऊस घ्या. उन्हात तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर गार पाणी पडतं, तडे जातात, आणि उपकेंद्रात ब्रेकर (बिघाड होताच फीडर तोडणारा स्विच) पडतो. ऑपरेटरला एवढंच कळतं की फीडर ट्रिप झाला. वीस किलोमीटरच्या लाइनवर नेमका कुठला खांब, हे कुणालाच माहीत नसतं. मग पेट्रोलिंग सुरू होतं, टॉर्च घेऊन, उसाच्या फडातून, ओढ्याच्या पलीकडून. एक एबी स्विच उघडायचा, उपकेंद्राला फोन करून फीडर चालू करून पाहायचा, पडला तर त्या आधीचा स्विच उघडायचा. तार बदलायला अर्धा तास आणि जागा सापडायला तीन तास, हे प्रमाण ग्रामीण भागात कुणालाही विचारा. तेवढ्या वेळात पूर्ण फीडर अंधारात, बिघाडाशी काही संबंध नसलेली गावंसुद्धा.

इथे सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे बिघाडदर्शक, तारेवर अडकवायचा लहानसा दिवा. मोठा प्रवाह त्याच्याखालून गेला की तो लुकलुकतो. ज्या खांबापर्यंत दिवे लागलेत आणि ज्याच्या पुढचे लागलेले नाहीत, त्यांच्या मध्ये बिघाड. फाट्यावर असे दिवे लावले की लाइनमनला कुठे वळायचं ते कळतं.

त्याच्या पुढची पायरी ऑटोरिक्लोजर. उघड्या तारांवरचे बहुतेक बिघाड क्षणिक असतात: फांदी घासली, पक्षी बसला, तारा वाऱ्याने एकमेकींना लागल्या. रिक्लोजर वीज तोडतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा जोडतो. बिघाड गेलेला असेल तर लोकांना फक्त दिवे मिचकल्याचं जाणवतं. त्याच्या पुढे सेक्शनलायझर बसवला की तो आपल्यातून बिघाडाचा प्रवाह जाऊन वीज किती वेळा गेली ते मोजतो, ठरलेल्या संख्येनंतर वीज नसतानाच स्वतः उघडतो आणि बिघडलेला तुकडा वेगळा करतो. नंतर टाय जोडून पलीकडच्या गावांना, बातम्यांत म्हणतात तसा, ‘पर्यायी वाहिनीवरून’ पुरवठा सुरू करता येतो.

यासाठी मोबाइल नेटवर्क लागतंच का? वादळात तेच आधी जातं.

लागतंच असं नाही. जपानमध्ये ६.६ केव्हीच्या फीडरांवर जुनी पण फार हुशार पद्धत आहे. ब्रेकर पडला की खांबांवरचे सगळे स्विच वीज नाही म्हणून आपोआप उघडतात. ब्रेकर परत जोडला जातो. पहिल्या स्विचला वीज दिसते, तो ठरलेले सेकंद थांबतो आणि जोडतो, मग दुसरा, मग तिसरा. जो स्विच जोडताच पुन्हा सगळं पडतं, बिघाड त्याच्या पुढे. तो स्विच स्वतःला कुलूप लावून घेतो आणि पुढच्या फेरीत वीज त्याच्या अलीकडेपर्यंत येऊन थांबते. किती सेकंदांनी ब्रेकर पुन्हा पडला, यावरून उपकेंद्रात बसल्या जागी तुकडा कळतो. संदेशवहन शून्य. आपल्या डोंगराळ तालुक्यांसाठी ही रीत इंटरनेटवरच्या ‘क्लाउड’ सॉफ्टवेअरपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं चॅटनूगा शहर. तिथल्या नगरपालिकेच्या वीज कंपनीने आधी शहरभर फायबर टाकलं आणि त्यावर सुमारे १,२०० स्वयंचलित स्विच चालवले. जुलै २०१२च्या वादळात हजारो घरांची वीज गेलीच नाही किंवा लगेच आली, आणि दुरुस्ती पथकांच्या जादा वेळेचे सुमारे १४ लाख डॉलर वाचले. त्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं अकरा कोटी डॉलरहून मोठं अनुदान मिळालं होतं, हेही लक्षात असू द्या.

एका फीडरवर किती स्विच पुरे?

दोन्ही टोकांनी पुरवठा शक्य असलेला फीडर समान तुकड्यांत वाटला असं धरा. एकही स्विच नसेल तर प्रत्येक बिघाड सगळ्या ग्राहकांना भोगावा लागतो. मधोमध एक बसवला की निम्म्यांनाच. दोन बसवले की एक तृतीयांशांना, तीन बसवले की पाव भागाला. नऊ बसवले तरी दहाव्या हिश्शालाच आणि खर्च नऊपट. पहिल्या दोन स्विचमध्ये दोन तृतीयांश काम होतं. दहा फीडरांवर दोन-दोन बसवावेत, दोन फीडरांवर दहा-दहा नकोत. प्रात्यक्षिकासाठी एकच ‘मॉडेल फीडर’ सजवण्याची आपली हौस इथे आड येते.

शहरात केबल जमिनीखाली आहेत. तिथेही हेच?

थोडं वेगळं. केबलचा बिघाड क्षणिक नसतो, म्हणून तिथे रिक्लोजर लावायचा नाही. पुन्हापुन्हा वीज दिली तर केबल आणखी फुटते. तिथे काम करतं ते रिंग मेन युनिट, रस्त्याकडेला दिसणारी राखाडी पेटी. ते मोटरवर चालणारं आणि बिघाडदर्शकासह असेल, तर नियंत्रण कक्षातून तुकडा वेगळा करून दुसऱ्या बाजूने वीज देता येते आणि रस्ता खोदण्याचं काम सकाळी निवांत करता येतं. नवी युनिट घेणाऱ्यांनी आतल्या वायूकडे पाहावं. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, आणि युरोपीय संघाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये त्यावर १ जानेवारी २०२६पासून बंदी घातली आहे.

शेतीपंपांच्या फीडरवर याचा काय उपयोग?

शेतीचा फीडर हा मुळात स्विचिंगचाच खेळ आहे. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत २००३ ते २००६ दरम्यान हे राज्यभर केलं, महाराष्ट्रातही बऱ्याच भागांत झालं. शेतीला चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज. या गटांच्या वेळा जुळवूनच उपकेंद्राचा कमाल भार आटोक्यात ठेवला जातो. २०२३मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून शेतीचा भार दिवसाच्या सौर विजेवर नेला जातोय. वीज उपकेंद्राजवळच तयार होऊन दिवसाच वापरली जाते, त्यामुळे वरच्या वाहिन्यांवरची हानीही घटते. शिवाय रात्री पाणी धरायला जावं लागत नाही.

पण फीडरच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीवरच्या पेटीत, एक स्विच बसलेला असतो आणि तो सगळं बिघडवतो: ऑटो स्विच. वीज आली की मोटर आपोआप सुरू. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, रात्री दोनला उठून कोण जाईल? पण डीपीवरच्या वीस मोटरी एकाच सेकंदाला सुरू झाल्या की प्रत्येक मोटर नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेग घेत नाहीत, ओढतच राहतात, आणि शेवटी फ्यूज जातो किंवा डीपीच जळते. मग आठवडाभर पाणी नाही. महावितरण वर्षानुवर्षं ‘ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं सांगते. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. काढायला सांगून कुणी काढत नाही. त्यात वेळ-विलंब घाला, प्रत्येक पंपाला वेगळा: कुणाला अर्धा मिनिट, कुणाला तीन मिनिटं. तेच यंत्र, फक्त रांगेत उभं राहायला शिकवलेलं.

कॅपॅसिटर मोटरीला चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह जागेवरच पुरवतो, आणि त्याचा हिशोब तर सरळ आहे. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाचा हिस्सा) ०.७५ वरून ०.९० वर आला, तर तेवढ्याच पाण्यासाठी प्रवाह एक षष्ठांशाने कमी होतो आणि तारांतली हानी सुमारे ३० टक्क्यांनी घटते. वर ज्या ३१ टक्क्यांसाठी एवढे शोधनिबंध लिहिले गेले, साधारण तेवढंच!

लाइनमनच्या जिवाचं काय? कुणी दुरून स्विच जोडला तर?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. लाइन क्लिअर (लाइन बंद असल्याची उपकेंद्राची खात्री) घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, हा नियम ऑटोमेशनने बदलत नाही, उलट अधिक कडक होतो. स्विचजवळची चावी ‘लोकल’वर वळवायची, म्हणजे नियंत्रण कक्षाचा हुकूम चालत नाही. रिक्लोजरचं पुन्हा जोडणं रोखायचं. दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या, कारण आता पुरवठा दोन्हीकडून येऊ शकतो. रिक्लोजरचे संपर्क बंद डब्यात असतात, उघडलेत की नाही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्याशेजारी साधा, दिसणारा एबी स्विच ठेवतात. तो ‘जुना झाला’ म्हणून काढू नये. आणि दुकानातला जनरेटर चेंजओव्हरशिवाय (कंपनीची वीज तोडूनच जनरेटर जोडणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेला असेल, तर त्याची वीज डीपीतून उलटी जाऊन ११ केव्ही होते. ती कुठल्याच स्काडात दिसत नाही.

भार सरकवताना आणखी काय बिघडू शकतं?

रिलेचं सेटिंग. शेजारच्या फीडरवरून लांबून वीज दिली की दूरच्या बिघाडाचा प्रवाह इतका कमी होतो की रिलेला तो साधा भार वाटतो. दुसरं, बराच वेळ बंद असलेला भाग जोडला की सगळे फ्रिज, एसी आणि पंप एकदम ओढतात, आणि पहिला अर्धा तास भार नेहमीपेक्षा जास्त असतो. तिसरं नवं आहे: छतावरचं सोलर. वीज गेली की त्यांचे इन्व्हर्टर बंद होतात आणि आल्यावरही काही मिनिटं थांबतात. तोवर घरांचा खरा भार, जो एरवी सोलरमागे लपलेला होता, पूर्णपणे टायवर पडतो. दुपारी मीटरवर दिसणारा भार पाहून टाय जोडला तर तो लगेच पडण्याची शक्यता बरीच.

वीजचोरी आणि थकबाकी यातून कमी होईल?

नाही. ती हानी मीटर, बिलिंग आणि वसुलीची. केंद्राच्या २०२१च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत ३,०३,७५८ कोटींचा आराखडा आणि १२ ते १५ टक्क्यांचं जे हानीचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यात तांत्रिक आणि वाणिज्यिक दोन्ही हानी एकत्र मोजल्या आहेत. स्विचिंग फक्त पहिलीवर चालतं. डीपीवरच्या मीटरचा डेटा मिळाला तर कट पॉइंट ठरवायला मदत होते, हा फायदा जरूर आहे.

माझं बिल कमी होईल?

लगेच नाही. मान्य झालेली हानी आणि खर्च दरात धरले जातात, त्यामुळे बचत झाली तर ती वीज नियामक आयोगाच्या पुढच्या दरनिश्चितीतून, इतर शंभर गोष्टींत मिसळून येते. वीज कमी वेळा जाणं मात्र लगेच जाणवतं.

आमच्या कारखान्यात दोन रोहित्रं आहेत. आम्ही स्वतः काही करू शकतो का?

करू शकता. रोहित्र नुसतं चालू असलं तरी वीज खातं. समजा, दोन्ही १,००० केव्हीएची, प्रत्येकाची विनाभार हानी १.५ किलोवॅट आणि पूर्ण भारावरची तारांतली हानी १० किलोवॅट. गणित मांडलं तर एकूण भार सुमारे ५५० केव्हीएच्या खाली असताना एकच रोहित्र स्वस्त पडतं, वर गेला की दोन्ही. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत किंवा एकाच पाळीच्या दिवसांत एक बाजूला ठेवा. पण रोज काढघाल करू नका. रोहित्र चालू करताना क्षणभर मोठा प्रवाह येतो, आणि थंड पडलेलं तेल दमट हवेत ओलावा धरतं. आलटून पालटून ठेवा, ब्रीदरमधल्या (आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतल्या) सिलिका जेलचा रंग पाहत जा. आणि कॅपॅसिटर पॅनेल आपोआप चालणारं घ्या: २०२०पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाविना फिरणारा प्रवाहही धरून मोजलेल्या विजेवर, आहे, त्यामुळे रविवारी मोटरी बंद असताना तसाच जोडून ठेवलेला कॅपॅसिटरही बिल वाढवतो.